खालून कापलेली नावे

‘‘पेपरात नाव आलं का रे?’’ हा प्रश्न आमच्या लहानपणी पुसदच्या गल्लीबोळांतून सहज ऐकू यायचा. सामना जिंकलात का, हा प्रश्न त्यानंतर. जिंकल्याची खात्री आपल्यालाच असायची, पण पेपरात छापून आल्याशिवाय ती गावाला पटत नसे. १९६९ ते १९७३ या काळात मी तिथे माध्यमिक शाळेत होतो. खेळाडू म्हणून मी यथातथाच. अक्षर मात्र वळणदार होते. त्या अक्षरामुळे शालेय खेळांच्या बातम्यांशी माझा संबंध आला. आज मला बोलायचे आहे ते त्या चार-चार ओळींच्या बातम्यांबद्दल. त्यांतल्या एका बातमीबद्दल तर बोलायलाच हवे, कारण ती मी लिहिली होती.

पुसद हे पूस नदीकाठचे तालुक्याचे गाव. तेव्हा तिथे रेल्वे नव्हती. नागपूरला जायचे तर एस.टी.ने सात-आठ तास मोडायचे, अकोल्याला जायचे तर वाशीमवरून. पेपर यायचा तोही एस.टी.च्या टपावरून. ‘तरुण भारत’ नागपूरचा, ‘मातृभूमी’ अकोल्याचा. ‘लोकमत’शी जिल्ह्याचे नाते जुने होते. लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळात सुरू केलेल्या साप्ताहिकाचे ते नाव. जवाहरलाल दर्डा यांनी १९५२ साली तिथेच पुन्हा साप्ताहिक काढले, आणि १५ डिसेंबर १९७१ पासून ते नागपूरहून दैनिक म्हणून निघू लागले. त्यामुळे आमच्याकडे पेपरांची चुरस वाढली आणि गावच्या बातमीला थोडी किंमत आली.

थोडीच म्हणतो, त्याला कारण आहे. पुसद हे मुख्यमंत्र्यांचे गाव. जवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. साहजिकच ‘पुसद’ अशी तारीखओळ असलेली बातमी म्हणजे दौरा, भूमिपूजन, शेतकरी मेळावा. त्यातून उरलेल्या जागेत बाजारभाव, अपघात, निधनवार्ता आणि अगदी तळाशी आम्ही, खो-खो आणि कबड्डीवाले.

त्या काळी तालुक्याच्या गावी पगारी बातमीदार नसे. जो पेपरचा एजंट, तोच बहुधा वार्ताहर. आमच्या वार्ताहरकाकांचे वह्या-पेनांचे दुकान होते. सकाळी गठ्ठे सोडायचे, दिवसभर दुकान सांभाळायचे आणि मधल्या वेळेत बातम्या लिहायच्या. मोबदला म्हणजे टपालखर्च, एक फुकट अंक आणि जाहिरात मिळवून दिली तर तिच्यावर कमिशन. दुकानात वही घ्यायला गेलो असता त्यांनी माझे अक्षर पाहिले आणि म्हणाले, ‘‘बाप्पा, हे तर छापल्यावाणी हाये. मॅचेस पाहाले जातच अस्तो ना तू? मंग लिहून आण.’’ असा मी नववीत असताना विनावेतन उपवार्ताहर झालो.

शालेय खेळांचा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी सुरू व्हायचा. पोळा झाला की शाळाशाळांत सराव सुरू. शालेय स्पर्धांची उतरंड अशी : आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि शेवटी राज्य. अमरावती म्हटले की आमच्या पी.टी.च्या सरांचे डोळे चमकत. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, ही गोष्ट सर दरवर्षी नव्याने सांगत आणि आम्ही दरवर्षी नव्याने ऐकत असू.

मैदानांची अवस्था मात्र बर्लिनसारखी नव्हती. आमची माती काळी, कपाशीची. पाऊस पडून गेला की ती पायाला अशी धरते की धावणाऱ्याच्या प्रत्येक पायात शेरभर वजन. म्हणून खो-खोच्या मैदानावर आम्हीच बैलगाडीने मुरूम आणून टाकत असू. दोन खांब रोवायचे, फक्कीने रेषा मारायच्या, सरांच्या गळ्यात शिट्टी, टेबलावर शाळेच्या कार्यालयातून मागून आणलेले घड्याळ. सात मिनिटांचा डाव. नऊ खेळाडू मैदानात, तिघे राखीव. कडेला सायकलींवर बसलेले प्रेक्षक, आणि मी, कंपासपेटीवर वही ठेवून गुण टिपणारा.

आता बातमी कशी लिहायची, हे काकांनी मला शिकवले. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे. दोन ओळींत बोटभर जागा सोडायची, कारण तिथे उपसंपादकाला दुरुस्त्या करायच्या असतात. खाली कार्बन घालून तीन प्रती काढायच्या, तीन पेपरांसाठी. सुरुवात ठरलेली : ‘पुसद, दि. अमुक (वार्ताहरांकडून)’. पहिल्या वाक्यात स्पर्धा कोणती आणि कुठे झाली. दुसऱ्यात उद्‌घाटक कोण. तिसऱ्यात अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, प्रास्ताविक कोणी केले, आभार कोणी मानले. त्यानंतर निकाल. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर, खेळाडूंची नावे.

मी एकदा भोळेपणाने विचारले, ‘‘काका, पळालो आम्ही, आन् नावं पाहुण्यांची पहिले काऊन?’’ काका हसले. म्हणाले, ‘‘पाहुणा पेपर इकत घेते. तू घेतं का?’’ त्या एका वाक्यात तालुका पत्रकारितेचे सगळे अर्थशास्त्र आले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले.

दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. उपसंपादक बातमी खालून कापतो. तेव्हा छपाई खिळ्यांची होती. जुळारी एकेक अक्षर उचलून ओळ जुळवायचा, आणि पानाच्या चौकटीत मजकूर मावला नाही की शेवटच्या ओळी काढून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय. कागदही तेव्हा सरकारी कोट्यातून मिळायचा, त्यामुळे पाने मोजकीच. म्हणजे जे वर लिहिले ते जगले, जे खाली लिहिले ते देवाच्या हवाली. पाहुणे वर होते. आम्ही खाली होतो.

यातून गमतीही होत. पुसद, दिग्रस, उमरखेड हा भाग बंजारा तांड्यांचा. तांड्यावरची पोरे कबड्डीत वाघ. एका वर्षी जिंकलेल्या संघात पाच राठोड होते. मी पाचही नावे आद्याक्षरांसह लिहून पाठवली. छापून आले ते दोनच राठोड. उपसंपादकाला बहुधा वाटले असावे की वार्ताहराने एकच नाव चुकून पुन्हा पुन्हा लिहिले आहे. उरलेले तिघे दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन उभे. ‘‘काका, आमी खेळलोच नाही का?’’ काकांनी त्यांना चहा पाजला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, ‘‘जुळाऱ्याकडचे ‘ठ’ संपले असन.’’ पोरे हसत गेली. पण गेली ती आपले नाव न घेताच.

लिहिलेली बातमी नागपूरला जायची कशी? टपालाने दोन-तीन दिवस लागत. तारेने पाठवायची सोय होती. वृत्तपत्रांच्या तारेला सवलतीचा दर असे, पण ती दंगल, पूर किंवा मंत्र्याचे भाषण यांच्यासाठी राखीव. खो-खोच्या निकालाची तार केली असती तर काकांच्या खिशाला भोक पडले असते. मग उरायची ती एस.टी. पाकिटावर ठळक अक्षरांत पेपरचे नाव लिहून ते संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. तिकडे पेपरचा माणूस स्टँडवरून ते उचलायचा. रविवारचा अंतिम सामना लवकरात लवकर मंगळवारी आणि बहुधा बुधवारी-गुरुवारी छापून यायचा. तोवर गावात त्याची चर्चा संपलेली असे, आणि बातमीने ती पुन्हा सुरू होई.

ज्या दिवशी बातमी यायची, त्या दिवशी शाळेतला शिपाई ती कात्रीने कापून, खळ लावून सूचनाफलकावर चिकटवायचा. वाचनालयातल्या अंकाला भोक पडलेले दिसले तर समजावे, एखाद्या खेळाडूच्या मामाने कात्रण पळवले. केशकर्तनालयातल्या आरशाच्या कडेला, पिठाच्या गिरणीत, देव्हाऱ्याशेजारी कात्रणे लावलेली मी पाहिली आहेत. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या तेव्हा आम्ही ट्रान्झिस्टरला कान लावून होतो आणि पेपरची खेळाची जागा गावसकरांनी भरून गेली होती. त्याच जागेत, तळाच्या कोपऱ्यात, दहा-बारा ओळी पुसदच्या असल्या, तर एकाच पानावर गावसकर आणि आमचा वर्गबंधू! ते पान घरोघरी जपून ठेवले गेले, ते गावसकरांसाठी नव्हे.

आता ती बातमी. १९७३ चा हंगाम. तालुक्याच्या खो-खोत आमचा मुलांचा संघ अंतिम सामन्यात हरला, दुसरा आला. मुलींच्या गटात मात्र आमच्या गावच्या कन्या शाळेने अंतिम सामना एक डाव राखून जिंकला. एक डाव राखून जिंकणे म्हणजे काय, हे खो-खो खेळलेल्यांना सांगायला नको. परकराची पट्टी घट्ट आवळून, दोन वेण्या वर बांधून त्या मुली अशा खेळल्या, की सायकलींवरचे प्रेक्षक खाली उतरून उभे राहिले. त्यांच्यात एक उंच मुलगी होती. संरक्षणात ती शेवटच्या तुकडीत आली आणि सात मिनिटांची शिट्टी वाजेपर्यंत बाद झालीच नाही. खांबाशी पोचून ती अशी गिरकी घेई, की पाठलाग करणारीचा हात हवेतच राही.

त्यांच्या बाईंनी मला बारा जणींची नावे एका चिठ्ठीवर लिहून दिली होती. मी दुकानात बसून बातमी लिहायला घेतली. पाहुणे झाले, अध्यक्ष झाले, आभार झाले. मग मुलांचा निकाल. उपविजेत्या संघाची नऊ नावे लिहिली. आणि त्यांच्याखाली ‘राखीव’ म्हणून आणखी एक नाव लिहिले. माझे. मी त्या सामन्यात मैदानात उतरलोही नव्हतो. कंपासपेटीवर गुण टिपत बसलो होतो. संध्याकाळची गाडी सुटायला थोडाच वेळ उरला होता, कार्बनवर दाबून दाबून बोटे दुखत होती, आणि खालून कापतात हे मला ठाऊक होते. मी शेवटचे वाक्य लिहिले : ‘मुलींच्या गटात कन्या संघ विजयी झाला.’ चिठ्ठी खिशात घातली आणि स्टँडकडे पळालो.

बातमी तीन दिवसांनी आली. त्या वेळी जागा होती, कोणी काही कापले नाही. माझे नाव छापून आले. माझ्या आईने ते कात्रण पोथीत ठेवले.

पुढे कितीतरी वर्षांनी सचिन तेंडुलकरांच्या आत्मचरित्रात एक प्रसंग वाचला आणि मी पुस्तक मिटून बसलो. हे पुस्तक २०१४ साली आले. मुंबईत शालेय क्रिकेटचे धावफलक पेपरात येत, पण नाव छापले जाई ते तीस किंवा त्याहून अधिक धावा करणाऱ्याचेच. शाळकरी सचिनच्या धावा झाल्या होत्या चोवीस. गुणलेखकाने अवांतर धावांतल्या सहा त्याच्या नावावर टाकल्या. एकूण धावसंख्या तर तीच राहणार होती! दुसऱ्या दिवशी नाव छापून आले. शाबासकीच्या अपेक्षेने तो आचरेकर सरांकडे गेला, तर सर नाराज. न केलेल्या धावांवर नाव छापून आणायचे नाही, हे त्यांनी बजावले. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये याच मुलाने विनोद कांबळीबरोबर हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली आणि शालेय क्रिकेटची बातमी जगभर पोचली.

छापील नावाचा मोह मुंबईत तोच आणि पुसदमध्येही तोच. फरक एवढाच, की त्याला ओरडणारे सर भेटले. मला कोणी ओरडले नाही. आणि माझ्या सहा धावा अवांतरातून आल्या नव्हत्या, त्या कुणाच्या तरी खात्यातून गेल्या होत्या.

त्याचा हिशेब १९७४ च्या जूनमध्ये समोर आला. ती उंच मुलगी मॅट्रिक झाली होती. तिला शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला जायचे होते. अर्जाला खेळाचा पुरावा जोडायचा होता. प्रमाणपत्रे तेव्हा संघाला एकच मिळत, वैयक्तिक क्वचित. संघाचे प्रमाणपत्र शाळेत चौकटीत लावलेले, त्यावर खेळाडूंची नावे नाहीत. कोणीतरी तिला सांगितले, की पेपरचे कात्रण चालेल. ती वडिलांना घेऊन काकांच्या दुकानात आली. काकांनी जुने अंक काढले, मीही तिथेच होतो. अंक सापडला. तिच्या वडिलांनी चष्मा लावून बातमी वरपासून खालपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘हे नाव तुमचं ना? तुम्ही पण खेळले का?’’

ती काही बोलली नाही. ‘‘राहू द्या बाबा, चला,’’ एवढेच म्हणाली.

नुसत्या कात्रणावाचून तिचे शिक्षण अडले, असे मी म्हणणार नाही. घरची परिस्थिती, मुलीला परगावी ठेवण्याची धास्ती, अनेक कारणे असतील. पुढच्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. पण ज्या दिवशी तिला एका कागदाची गरज होती, त्या दिवशी तो कागद माझ्यामुळे कोरा होता, एवढे खरे.

नंतर काळ बदलला. खिळे गेले, ऑफसेट आले. पूर्वी फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे, म्हणून शाळेच्या संघाचा फोटो ही अपूर्वाई होती. आता तो रोज येऊ लागला. फॅक्स आला, मग संगणक. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांची स्वतंत्र पाने निघाली आणि शालेय खेळांना कधी नव्हे ती जागा मिळाली. तार तर जुलै २०१३ मध्ये देशातूनच बंद झाली. आज सामना संपण्याआधी फोटो मोबाइलवर फिरतो.

पण यात एक उलटी गंमत आहे. आमच्या त्या चार ओळी नागपूरच्या अंकात छापल्या जात आणि तो अंक भंडाऱ्यापासून बुलढाण्यापर्यंत जाई. पुसदच्या पोराचे नाव गोंदियाचा अनोळखी माणूस वाचे. जिल्हा पानांवर अर्धे पान मिळाले, फोटो रंगीत झाले, पण ते पान जिल्ह्याची शीव ओलांडत नाही. जागा वाढली, वाचणारा मुलूख आखडला. अमुक चांगले आणि तमुक वाईट असा निवाडा मी करत नाही. पण जुन्या कात्रणाची ऐट कशात होती, ते यावरून कळते.

कागदाचे मोल मात्र वाढतच गेले. एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण मिळाले. प्रमाणपत्रावर नोकरी मिळते म्हटल्यावर बनावट प्रमाणपत्रेही निघाली आणि पडताळणी कडक झाली. आता खेळाडूचे नाव कुठे नोंदले गेले आहे, हा पोटाचा प्रश्न आहे. आमच्या वेळच्या मुलींची नावे मात्र कुठल्याच दप्तरात नाहीत. संघाची नोंदवही वाळवीने खाल्ली, बाई गेल्या, काकाही गेले. काकांच्या दुकानातले जुने अंक पावसात भिजून रद्दीत गेले.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही तो जिंकला. महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. दुसऱ्या दिवशी पेपरात महिला संघातल्या साऱ्या जणींची नावे मी एकेक करून, बोट ठेवून वाचली. मग कपाट उघडून एक वही काढली.

त्या वहीत मी १९७३ च्या संघाची नावे लिहायला घेतली आहेत. चिठ्ठी केव्हाच हरवली. मुलींचा माग काढणे किती अवघड असते, ते या कामात कळले. लग्नानंतर आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदलते. पुसदची मुलगी नांदेडला, वाशीमला, हिंगोलीला गेलेली. त्या उंच मुलीची गाठ काही वर्षांपूर्वी एका लग्नात पडली. आता नातवंडे असलेली आजी. मी धीर करून जुनी गोष्ट काढली आणि माफी मागितली. तिने क्षणभर आठवल्यासारखे केले आणि म्हणाली, ‘‘पेपरचं सोडा. पण एक डाव राखून जिंकलो होतो, ते तरी लिहिलं होतं का?’’

तेही लिहिले नव्हते.

तिने तिथेच, मांडवात बसून, मैत्रिणींची सात नावे सांगितली. तिचे धरून आठ. पुढे चौकशी करत आणखी दोन मिळाली. वहीत बारा आकडे घातले आहेत. पहिल्या दहांपुढे माहेरची नावे आहेत. अकरा आणि बारा रिकामे आहेत. १९७३ च्या त्या सामन्यात खेळलेल्या किंवा तो पाहिलेल्या कोणाला ती दोन नावे आठवत असतील, तर त्यांनी कळवावे. तुमच्या गावीही अशा पेट्या असतील, पोथ्या असतील, त्यांत पिवळी पडलेली कात्रणे असतील. वाळवीच्या आधी ती बघून घ्या. आणि ज्यांची नावे त्यांत नाहीत, त्यांना विचारून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)